सासऱ्यांची शुगर आपोआप उतरतेय, आनंद मानायचा का?

निम्मीशिम्मी | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

विषय माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे आप्पांचा. वय ७१, कराडजवळ गावी असतात. मधुमेह वीसेक वर्षांपासून. मिक्स इन्सुलिन सकाळी १८ युनिट, रात्री १४. शिवाय ग्लिबेनक्लामाइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली एक गोळी. ती कधीकाळी कुणीतरी लिहून दिलेली, मेडिकलवाला आजही रिकामी स्ट्रिप बघून तशीच देतो. किडनीचं दुखणं गेल्या काही वर्षांतलं. परवाचं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) ३.९, ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) १६. डायलिसिस अजून नाही, पण हातात फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी रक्तवाहिन्यांची जोडणी) करून ठेवा असं सांगितलंय.

तर झालंय असं की ज्या माणसाची उपाशीपोटीची शुगर कायम १८०-२०० असायची, ती हल्ली ९५ ते ११० येतेय. डोस तोच, पथ्य तेच (म्हणजे यथातथाच). तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ६.४ आली. घरात आनंदीआनंद. वन्सं म्हणतात हा त्यांनी सुरू केलेल्या कारल्याच्या रसाचा गुण. ह्यांचं म्हणणं, 'चला, एक तरी गोष्ट ताळ्यावर आली.'

मला मात्र धास्ती वाटतेय. परवा पहाटे आप्पा देवघरासमोर नुसते बसून होते. सदरा घामाने चिंब, डोळे उघडे, मी कोण ते सांगता येईना. मीटरवर ४८. साखरपाणी पाजल्यावर थोड्या वेळाने माणसात आले आणि वर मलाच विचारतात, 'एवढ्या पहाटे तू का उठलीस?' हे आधीही एकदा झालं होतं, तेव्हा कुणी मीटर लावला नव्हता.

डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारची आहे. किडनी बिघडली की सगळं वाढतं असंच ऐकलं होतं, मग शुगर कशी उतरते? आणि इन्सुलिन आपल्या मनाने कमी करावं का?

---

उंबरठा | सोमवार, रात्री ११:०५

वाचतेय. आईच्या वेळी हेच झालं होतं, सविस्तर उद्या लिहिते. पण गुरुवारपर्यंत थांबू नकोस गं.

---

खवट म्हातारा | सोमवार, रात्री ११:२०

थोडक्यात, किडनी गेली की मधुमेह बरा. सोपा उपाय आहे की! इतकी वर्षं उगाच मेथ्या चावल्या आम्ही.

---

रातपाळी | मंगळवार, पहाटे ४:१०

निम्मीताई, आधी तातडीचं. आज उजाडल्या उजाडल्या डॉक्टरांना फोन करा, ४८ चा आकडा सांगा आणि सकाळचा डोस किती द्यायचा ते विचारा. ती गोळी द्यायची की नाही हेही त्याच फोनवर विचारा. मी डॉक्टर नाही, डायलिसिस युनिटला टेक्निशियन आहे. पण ईजीएफआर १६ आणि ग्लिबेनक्लामाइड हे एका ओळीत वाचून माझीच झोप उडाली (तशी ड्यूटीवर आहे म्हणा).

आता कारण. स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन आधी यकृतात जातं आणि पहिल्याच फेरीत त्यातलं साधारण निम्मं तिथे मोडीत निघतं. उरलेलं अंगभर फिरतं आणि त्याचा निकाल लावायचं मोठं काम किडनीकडे असतं. सुईने टोचलेलं इन्सुलिन कातडीखालून थेट रक्तात उतरतं, यकृतातली ती पहिली छाटणी त्याला लागूच होत नाही. त्यामुळे बाहेरून घेतलेल्या इन्सुलिनच्या बाबतीत किडनीचा वाटा आणखी मोठा.

किडनीचं काम थोडंफार घटेपर्यंत उरलेला भाग ओढून नेतो. गाळण्याचा वेग (जीएफआर) विसाच्या खाली घसरला की ते जमेनासं होतं. मग सकाळी टोचलेले १८ युनिट संध्याकाळीही अंगात काम करत असतात आणि त्यावर तुम्ही रात्रीचे १४ देता. डोस तोच असला तरी अंगावर पडणारं इन्सुलिन वाढलेलं असतं. म्हणूनच या टप्प्यावर डॉक्टर एकूण डोस पाव हिश्शाने, कधी निम्म्यानेही उतरवतात. किती ते त्यांनीच ठरवायचं. आकडे आमच्याकडून घेऊ नका.

गोळीचं तसंच. ग्लिबेनक्लामाइड यकृतात मोडतं, पण मोडल्यावर जे तुकडे होतात तेही शुगर उतरवतात आणि ते बाहेर पडतात किडनीवाटे. वाट बंद, की ते साठत जातात. अशा गोळीने उतरलेली शुगर साखर दिल्यावर वर येते आणि काही तासांनी पुन्हा खाली जाते. तेव्हा पहाटे माणूस शुद्धीवर आला म्हणून दिवसभर गाफील राहू नका. मेटफॉर्मिनने एकट्याने शुगर सहसा लो होत नाही, पण ईजीएफआर ३० च्या खाली ते बंदच करतात, रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याची भीती असते.

---

माणगंगा | मंगळवार, सकाळी ८:३०

रातपाळीदादा, एक अडाणी प्रश्न. म्हणजे एरवी इन्सुलिन लघवीतून वाहून जातं आणि किडनी बिघडली की ते जायचं थांबतं, असं का?

---

खडूफळा | मंगळवार, सकाळी ९:१५

प्रश्न अडाणी नाही, शरीरक्रियाशास्त्र शिकवताना दरवर्षी कुणीतरी हा विचारायचंच. लघवीत इन्सुलिन जेमतेम उतरतं, शंभरातला एक भागसुद्धा नाही. किडनीच्या गाळणीतून ते गळतं खरं, पण पुढच्या नळीतल्या पेशी ते आत ओढून घेतात आणि तोडून त्याची अमिनो आम्लं करतात. नळीच्या बाहेरच्या अंगाने वाहणाऱ्या रक्तातूनही काही उचललं जातं. तेव्हा बिघाड होतो तो या मोडतोडीच्या कामात.

यात अजून एक गोष्ट कुणी बोललं नाही. किडनी स्वतः साखर बनवते. रात्री जेवून झोपल्यावर पहाटेपर्यंत रक्तात जी नवी साखर सोडली जाते, तिच्यातला पाचवा ते चौथा हिस्सा किडनीचा असतो, बाकीची यकृताची. यकृताजवळ साठवलेलं ग्लायकोजेन असतं, किडनीला मात्र ग्लुटामिन, लॅक्टेट अशा कच्च्या मालातून साखर नव्याने घडवावी लागते. शुगर खाली जाऊ लागली की अॅड्रेनालिनच्या हाकेला ओ देऊन किडनी हे उत्पादन वाढवते. ग्लुकागॉन हा साखर वाढवणारा दुसरा हार्मोन मुख्यतः यकृताशीच बोलतो. किडनीचा गर आटला की हा जोडधंदाही बसतो. आप्पांची शुगर नेमकी पहाटे कोसळते, ती यामुळेही.

हे नवं नाही. किमेलस्टील आणि विल्सन या दोघांनी मधुमेहींच्या किडनीतल्या गाठींचं वर्णन १९३६ मध्ये केलं. १९५१ मध्ये झुब्रॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहून ठेवलं की अशा गाठी असलेल्या रुग्णांचा मधुमेह पुढे सौम्य होताना दिसतो. इंग्रजीत याला 'बर्न्ट आउट डायबिटीस' म्हणायची पद्धत पडली. खवट काकांचा विनोद म्हणून खरा आहे, पण अर्धाच. डोळ्यांवर, पायांच्या नसांवर, हृदयावर झालेला परिणाम तसाच राहतो, आणि शुगर कमी दिसते तिच्यामागे औषधाचा साठा आणि घटलेली भूक असते. आप्पांचं जेवण कमी झालंय का? तोंडाला चव नाही, मळमळतं, असं काही?

---

निम्मीशिम्मी | मंगळवार, सकाळी ११:५०

फोन झाला. गोळी आजपासून बंद. रात्रीचं इन्सुलिन निम्म्यावर आणलंय, सकाळचं १४. गुरुवारऐवजी उद्याच बोलावलंय.

सर, जेवण निम्म्यावर आलंय. भाकरी एक, तीही कुस्करून. आम्हाला वाटलं पथ्य पाळताहेत. आणि आप्पा माळकरी आहेत, एकादशीला दिवसभर फक्त पाणी आणि रात्री थोडी भगर. त्या दिवशीही सुई वेळेवर टोचून घ्यायचे, कारण 'औषध चुकवू नये'.

---

रातपाळी | मंगळवार, दुपारी १:३०

एकादशीचं वाचून हात कपाळावर मारला. उपास आणि पुरं इन्सुलिन एकत्र नको, हे आप्पांच्या गळी उतरवायला गावातल्या महाराजांची मदत घ्या. आमच्याकडे एका आजोबांना कीर्तनकारांनीच समजावलं, डॉक्टरांचं काही चाललं नव्हतं.

शुगर लो झाल्यावर काय द्यायचं, तेही लिहून ठेवा, कारण किडनीवाल्यांत इथेच गडबड होते. लोक नारळपाणी देतात, मोसंबीचा नाहीतर संत्र्याचा रस देतात, केळं भरवतात. त्यात पोटॅशियम भरपूर, आणि किडनी ते बाहेर टाकू शकत नाही. ग्लुकोज पावडर किंवा साखर, चहाचे तीन-चार चमचे, थोड्या पाण्यात. पाणीही बेताचं, पातेलंभर नको. पंधरा मिनिटांनी पुन्हा मीटर. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा, आणि मग काहीतरी खायला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतायचं नाही, सरळ दवाखाना.

आप्पांना बीपीसाठी मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल अशी काही गोळी आहे का? असेल तर धडधड, थरथर या खुणा झाकल्या जातात. घाम तेवढा येतो. म्हणून सदरा ओला दिसला की आधी मीटर.

युनिटमधलं सांगतो. सकाळी सातची शिफ्ट. पेशंट तालुक्याहून पहिल्या एसटीने येतो, घरून इन्सुलिन टोचून निघालेला, 'तिथे गेल्यावर खाऊ' म्हणून उपाशी. मशीन लागतं. तिसऱ्या तासाला तो गप्प होतो. शेजारच्या खुर्चीतले मामा राजकारणावर बोलत असतात आणि हा उत्तरच देत नाही. नवीन सिस्टरला वाटतं डोळा लागला. जुनी सिस्टर आधी बोट टोचते, तेही फिस्टुला नसलेल्या हाताचं. डायलिसिसच्या पाण्यात साखर नसेल किंवा कमी असेल तर रक्तातली साखर तिकडे जाते, त्यात पोट रिकामं. म्हणून आमच्याकडे दाराशी पहिला प्रश्न असतो, 'खाल्लं का, टोचलं का?'

---

काचपट्टी | मंगळवार, रात्री ९:००

लॅबवाला म्हणून माझे दोन पैसे. निम्मीताई, त्या ६.४ वर फार विसंबू नका.

एचबीएवनसी म्हणजे लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते असं धरून ती सरासरी काढली जाते. किडनीच्या आजारात पेशी लवकर मरते, साखर चिकटायला वेळच कमी मिळतो, आकडा खोटा कमी येतो. लाल पेशी बनवायला सांगणारा एरिथ्रोपोएटिन हा हार्मोनही किडनीतच तयार होतो. तो घटला की रक्त कमी होतं, मग त्याची इंजेक्शनं सुरू होतात, ताज्या कोऱ्या पेशी रक्तात येतात, आकडा आणखी खाली. रक्त चढवलं असेल तर विचारूच नका. उलट लोहाची कमतरता तो वर ढकलते. काही जुन्या तपासणी पद्धतींत युरिया चिकटलेलं हिमोग्लोबिनही साखरेचं म्हणून मोजलं जायचं, तेही वरच. तेव्हा रिपोर्टमधल्या दशांशावरून घरात भांडू नये.

६.४ म्हणजे कागदावर सरासरी १३७ च्या आसपास. पण पहाटे ४८ आणि जेवणानंतर २३० असलं तरी सरासरी गोंडसच दिसते. वही घाला: पहाटे ३, उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तास, झोपताना. रोज सगळं नको, आलटून पालटून करा.

---

खवट म्हातारा | मंगळवार, रात्री ९:४०

बरं, विनोद मागे घेतो. पण मला एक सांगा. माझी किडनी 'थोडी' बिघडलीय, ईजीएफआर ४२. मला डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन दिलंय, लघवीतून साखर बाहेर काढणारं. त्याने माझी शुगर फारशी हललेली नाही, तरी म्हणतात चालू ठेवा. आजारी किडनीला आणखी कामाला का जुंपायचं? औषध कंपन्यांचं भलं करायला?

---

खडूफळा | बुधवार, सकाळी ७:२०

काका, शंका रास्त आहे, निष्कर्ष नाही.

धडधाकट किडनी दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळते, त्यातून १८० ग्रॅमच्या आसपास साखर नळीत उतरते आणि जवळपास सगळी परत शोषली जाते. त्यातला नव्वद टक्के भाग एसजीएलटी-२ नावाचा वाहक उचलतो. ही गोळी त्या वाहकाला अडवते. तुमची गाळणी मंदावल्याने मुळात नळीत साखरच कमी येते, मग लघवीतून जाणार ती किती? म्हणून शुगर हलत नाही.

पण या गोळीचा खरा फायदा दुसराच निघाला. साखरेबरोबर मीठही नळीत पुढे जातं, ते पाहून किडनी गाळणीत येणारी रक्तवाहिनी जरा आवळते, गाळणीतला दाब उतरतो. म्हणून सुरुवातीला क्रिएटिनिन किंचित वाढलेलं दिसतं, पुढे घसरण मंदावते. २०१९ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिनच्या आणि २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनच्या मोठ्या चाचणीत हे दिसलं, आणि दुसऱ्या चाचणीत तर मधुमेह नसलेले रुग्णही होते. २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड या आतड्यातल्या हार्मोनसारख्या इंजेक्शनचाही किडनीला फायदा होतो असं दिसून आलं. तेव्हा गोळी शुगरसाठी दिलेली नाही, किडनीसाठी दिलीय, एवढं डॉक्टरांनी तुम्हाला सांगायला हवं होतं. उलट्या-जुलाब, कडक उपास, ऑपरेशन अशा वेळी मात्र ती थांबवायची का ते लगेच विचारा, शुगर फार न वाढताही रक्तात कीटोन (चरबी जळून होणारी आम्लं) साठू शकतात.

आणि आता धाग्याची दुसरी बाजू, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल किडनीच्या आजारात शुगर नेहमी उतरतेच. तसं नाही. याच आजारात इन्सुलिनची ताकदही कमी पडते. साठलेली युरेमियाची द्रव्यं (किडनीने बाहेर न टाकलेला कचरा), रक्तातलं आम्ल, सततची सूज, घटलेलं क्रियाशील ड जीवनसत्त्व (ते घडवण्याची शेवटची पायरी किडनीतच असते), त्यापाठोपाठ वाढणारा पॅराथायरॉइड हार्मोन, हे सगळं मिळून स्नायूंना इन्सुलिनकडे पाठ फिरवायला लावतं. १९८१ मध्ये डीफ्रॉन्झो यांनी इन्सुलिन आणि ग्लुकोज एकाच वेळी शिरेतून देऊन हे मोजून दाखवलं, आणि डायलिसिस सुरू झाल्यावर त्यात सुधारणा होते हेही. ग्लुकागॉनचाही निकाल किडनीच लावते, म्हणून तोही रक्तात वाढून बसतो. म्हणजे ही रस्सीखेच आहे. मधल्या टप्प्यात दोर वरच्या बाजूला, पुढे बहुतेकदा खालच्या, आणि एकाच माणसात दिवसा एक, पहाटे दुसरं.

---

पिशवीबहाद्दर | बुधवार, दुपारी ३:१५

गुहागरकडचा आहे. डायलिसिस सेंटर लांब, म्हणून पोटातून पाणी घालायचं डायलिसिस घरीच करतो. माझी शुगर उतरली नाही, चढली! पिशवीतल्या पाण्यातच साखर असते, १.५, २.५ आणि ४.२५ टक्क्यांची. अडीचवाल्या दोन लिटरच्या पिशवीत ४५-५० ग्रॅम, आणि त्यातली बरीचशी पोटातून रक्तात शिरते. मी भात सोडला तरी पिशवी काही सोडत नाही.

दुसरं, हे कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. रात्रीसाठी आयकोडेक्स्ट्रिन नावाची दुसरी पिशवी असते. ती अंगात मोडून माल्टोज होतं आणि काही मीटरच्या पट्ट्या माल्टोजलाही ग्लुकोज समजतात. खरी शुगर ६० आणि मीटर दाखवतो १६०, तुम्ही इन्सुलिन ठोकता, खेळ खल्लास. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. पट्टीच्या डबीवर जीडीएच-पीक्यूक्यू (अशा पट्टीतल्या रसायनाचं नाव) लिहिलं असेल तर ती आपल्या कामाची नाही. पिशवी बंद केल्यावरही आठवडा-दोन आठवडे हा घोळ राहतो.

---

काचपट्टी | बुधवार, दुपारी ३:४०

+१. हा प्रतिसाद धाग्याच्या डोक्यावर चिकटवा, संपादक.

---

उंबरठा | बुधवार, रात्री १०:३०

कबूल केल्याप्रमाणे. आईचं इन्सुलिन डायलिसिसच्या काळात जवळजवळ सुटलं होतं. मग मावशीने किडनी दिली, पुण्यात प्रत्यारोपण झालं. आम्ही समजलो सुटलो. आठवड्याभरात शुगर ३०० च्या वर! घरचे घाबरले, किडनी नाकारली गेली की काय. डॉक्टर हसून म्हणाले, नवी किडनी इन्सुलिन पुन्हा वेळच्या वेळी मोडतेय, आणि त्यात किडनी नाकारली जाऊ नये म्हणून दिलेली प्रेडनिसोलोन आणि टॅक्रोलिमस. पहिल्याने इन्सुलिन चालेनासं होतं, दुसऱ्याने स्वादुपिंडातून ते सुटायचंच कमी होतं. प्रेडनिसोलोन सकाळी घ्यायची म्हणून तिची शुगर दुपारनंतर चढायची, उपाशीपोटी बरी असायची. नुसती सकाळची तपासणी केली असती तर कळलंच नसतं.

---

रातपाळी | गुरुवार, पहाटे ३:५०

उंबरठाताई, अगदी. हार्मोन कुठे जाऊन मोडतो ते बदललं की हिशेब बदलतो. इमर्जन्सीतही हेच बघतो. पोटॅशियम भरमसाठ वाढलेल्या पेशंटला ते पेशींत ढकलायला इन्सुलिन आणि डेक्स्ट्रोज शिरेतून देतात, मधुमेह नसला तरी. डेक्स्ट्रोज तासाभरात संपतं, इन्सुलिन रेंगाळतं, आणि सगळे निवांत झाल्यावर शुगर ५० वर. म्हणून पुढचे सहा तास दर तासाला बोट टोचतो. पेशंट शिव्या घालतात, घालू देत.

---

निम्मीशिम्मी | गुरुवार, रात्री ८:०५

काल जाऊन आलो. मिक्स इन्सुलिन काढलं. आता जेवणाआधी थोडं थोडं, आणि खाल्लं नाही तर नाही. सोबत शुगरसाठी लिनाग्लिप्टिन, ते बहुतेक पित्तावाटे बाहेर पडतं म्हणून किडनीसाठी डोस बदलावा लागत नाही म्हणे. उपाशीपोटी १३०-१५० चालेल असं स्पष्ट सांगितलं. ह्यांना ते पटायला वेळ लागतोय, 'इतकी वर्षं शंभर करा म्हणाले, आता दीडशे करा म्हणतात.' कारल्याचा रसही बंद, पोटॅशियममुळे. वन्सं रुसल्यात. एकादशीचं प्रकरण अजून हाताळायचंय.

एक विचारायचं राहिलं. दंडावर चिकटवायचा तो सतत शुगर मोजणारा पंधरवड्याचा सेन्सर लावावा का? आणि फिस्टुला डाव्या हातात होणार आहे.

---

रातपाळी | गुरुवार, रात्री ११:१५

परवडत असेल तर एकदा तरी लावा, पहाटेचा आलेख एचबीएवनसीपेक्षा जास्त सांगेल. सेन्सर उजव्या दंडावर. डाव्या हातावर यापुढे सुई, बीपीचा पट्टा, घट्ट बांगडी-घड्याळ काही नाही, तपासणीचं रक्तसुद्धा उजव्या हाताच्या पंजाच्या मागच्या शिरेतून काढायला सांगायचं. सेन्सरने लो दाखवलं की आधी बोट टोचून खात्री करा, पण आप्पा घामाघूम असतील तर आधी साखर द्या, मीटर नंतर शोधा.